वजन उतरवताना वरण पातळ नको

संपादक महोदय,

वजन उतरवायचं म्हणून आपल्याकडे आधी जेवण तोडतात. मग चरबीसोबत स्नायूही झिजतात आणि भूक आवरत नाही. हे टाळायचं तर प्रथिनं पुरेशी हवीत. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. 60 किलोला 50 ग्रॅम. डाळीची मोठी बाजारपेठ असलेल्या लातुरातही ताटातलं वरण पाण्यासारखं असावं, याचं वाईट वाटतं. 30 ग्रॅम कच्च्या तूरडाळीतून जेमतेम साडेसहा ग्रॅम मिळतात. लायसिन हा प्रथिनांमधला एक आवश्यक घटक ज्वारीत कमी, डाळीत भरपूर. म्हणून भाकरीसोबत घट्ट वरण, पिठलं किंवा मटकीची उसळ हवीच. एका अंड्यात सहा ग्रॅम. शेंगदाणे मूठभरच, कारण तेलामुळे उष्मांक फार. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत.

– एक आहारतज्ज्ञ, लातूर