नोकरीआधी कंपनी शोधते आहे

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, काल रेंज गेली आणि फोनवरचे बोलणे अर्धेच राहिले, म्हणून सविस्तर लिहिते. आधी एक विनंती. यवतमाळच्या त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. "पोरीला कंपनीत डायरेक्ट लावून देतो" म्हणून तो पैसे मागतो आणि तुम्ही कापसाचा चुकारा आला की त्यातून द्यायचे म्हणता, हे आईने सांगितले. मला जिथे काम करायचे आहे ती कंपनी माणूस घ्यायचे पैसे घेत नाही. घेत असेल तर मला तिथे जायचे नाही. वेचणीची मजुरी, औषधांचे उधार, सगळे फेडून जे उरेल ते घरातच राहू द्या.

आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. "कुठीही लाग, पण लाग बाप्पा लवकर," असे तुम्ही म्हणता. गावात लोक विचारतात आणि तुम्हाला उत्तर द्यावे लागते, हे मला कळते. पण मी रिकामी बसलेली नाही. सध्या अर्ज थोडे करते आहे आणि कोणाकडे अर्ज करायचा याचा शोध जास्त घेते आहे.

तुम्ही कापूस विकता तसेच आहे हे. दारात पहिली गाडी आली म्हणून तुम्ही कधी कापूस भरून दिला नाही. कोणाचा काटा सरळ आहे, कोण ओलाव्याच्या नावाखाली जास्तीचे कापतो, कोणाचा चुकारा आठ दिवसांत येतो आणि कोणाच्या मागे महिनाभर फिरावे लागते, हे तुम्ही चार कास्तकारांना विचारता. मग राळेगाव की हिंगणघाट ते ठरवता. माझ्याजवळ विकायला माझी वर्षे आहेत. ती देण्याआधी मलाही काटा पाहू द्या.

मागच्या कंपनीत काय झाले ते तुम्हाला पूर्ण सांगितले नव्हते. पगारातून दर महिन्याला पीएफ कापला जायचा आणि स्लिपवर आकडाही असायचा. पासबुक उघडले तर बरेच महिने काही जमाच नव्हते. आम्ही मुलींनी विचारले तेव्हा "होऊन जाईल" एवढेच उत्तर मिळाले. म्हणून आता कोणतीही कंपनी मनात आली की मी आधी पीएफ कार्यालयाच्या वेबसाइटवर जाते. तिथे आस्थापनेच्या नावाने शोधता येते. कोणत्या महिन्याचा पीएफ भरला आणि किती माणसांचा भरला ते कोणालाही दिसते. नियम असा आहे की या महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा. जिथे भरणा सतत उशिरा दिसतो तिथे पगारही वेळेवर होत नसेल, असे मी धरून चालते. कंपनी जाहिरातीत शेकडो माणसे सांगते आणि पीएफ मोजक्यांचा दिसतो, तेव्हा बाकीचे ठेकेदाराकडचे असू शकतात. मग मी थेट विचारते, कंपनी रोलवर, म्हणजे स्वतःच्या पगारपत्रकावर घेणार की ठेकेदाराकडून? या एका प्रश्नावर पुष्कळ काही उघडे पडते.

आई, तू म्हणशील की कंपन्यांची नावे तरी हिला कुठून मिळतात. तुझ्या बीपीच्या गोळ्यांच्या पट्टीवरून. खरेच सांगते. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात बनवणाऱ्याचे नाव आणि कारखान्याचा पत्ता असतो. फरसाणाच्या पाकिटावर १४ आकडी अन्न परवाना क्रमांक असतो. बियाण्याच्या पिशवीवर, खताच्या पोत्यावर, फवारणीच्या बाटलीवर सगळीकडे पत्ता असतो. माझे शिक्षण केमिस्ट्रीचे, काम क्वालिटी लॅबचे. जिथे काही बनते तिथे ते तपासणारी लॅब लागते. म्हणून जाहिरात निघायची वाट न पाहता आपल्या भागात काय काय बनते त्याची मी यादी केली. कळमेश्वरला झिम लॅबोरेटरीज आहे, नागपूरच्या मिहान औद्योगिक भागात ल्युपिनचा औषधांचा कारखाना आहे. बुटीबोरीला इंडोरामाचे पॉलिस्टर आणि सिएटचे टायर बनतात. हल्दीरामचा कारखाना तर नागपुरातच आहे. नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेत आणि नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत प्रकल्पांवर काही काळासाठी माणसे घेतात, मुलाखतीची तारीख त्यांच्या वेबसाइटवर येते. पगार बेताचा आणि मुदत ठरलेली, पण हात चांगला बसतो.

यादीत नाव आले म्हणजे कंपनी चांगली ठरली असे नाही. कंपनी कधी नोंदली गेली, चालू आहे की नाव काढून टाकले, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर फुकट पाहता येते. शेअर बाजारात असलेल्या मोठ्या कंपन्यांचा वार्षिक अहवाल तर मी आता रात्री जेवण झाल्यावर वाचत बसते. बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून वर्षभरात किती टक्के कायम माणसे सोडून गेली ते त्यात सांगावे लागते, बायांचे आणि पुरुषांचे वेगवेगळे. पुरुष टिकतात आणि बाया निघून जातात अशी कंपनी दिसली की मी थांबते आणि कारण शोधते. औषधांच्या कंपन्यांचे आणखी एक आहे. अमेरिकेला माल पाठवणाऱ्या कारखान्यांची तपासणी तिथले औषध प्रशासन करते आणि इशारापत्र दिले तर ते सगळ्यांना वाचायला ठेवते. लॅबच्या नोंदी खोट्या लिहिल्या असे एखाद्या पत्रात असेल, तर मी तिथे पाऊल ठेवणार नाही. कारण उद्या त्या नोंदीखाली सही माझी असेल.

बाबा, यावर मी थोडी हटून बसले आहे, ते समजून घ्या. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर गेले, तेव्हा तुम्हीही पंप पाठीवर घेऊन वावरात जात होता. आई दारात उभी राहून वाट पाहायची. बाटलीवर लिहिले तेच आत आहे का, हे तपासणारे काम आपण करावे, हे माझ्या मनात तेव्हापासून आहे. म्हणून मुलाखतीत मला संधी मिळाली की मी विचारते, "गेल्या वर्षी लॅबने एखादी बॅच थांबवली होती का? मग काय झाले?" एका ठिकाणी साहेब गप्पच झाले. दुसऱ्या ठिकाणी लॅबच्या मॅडमनी पूर्ण हकीकत सांगितली, माल कसा परत गेला, विक्रीवाल्यांनी कसा दबाव आणला, वरच्यांनी लॅबची बाजू कशी घेतली. ती कंपनी लहान आहे, नाव कोणाला माहीत नाही, पण माझ्या यादीत ती आता वर आहे.

कागदावर न दिसणारे माणसांकडून कळते. कॉलेजच्या सीनियर मुलींना मी विचारते, पगार कोणत्या तारखेला होतो, दुसऱ्या पाळीनंतर बस घरापर्यंत सोडते की फाट्यावर, आजारी पडले तर ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे कार्ड खरेच चालते का. कामाच्या जागी बायांच्या लैंगिक छळाची तक्रार ऐकायला अंतर्गत समिती आहे का, हेही विचारते. २०१३ च्या कायद्याने १० किंवा जास्त माणसे असतील तिथे ती असावीच लागते. समितीत कोण आहे हे तिथल्या मुलींनाच माहीत नसेल तर समिती कागदावरच. शिफ्ट सुटायच्या वेळी गेटसमोरच्या चहाच्या टपरीवरही मी मैत्रिणीबरोबर उभी राहून पाहिले आहे. लोक कसे बाहेर पडतात, काय बोलतात, त्यातून खूप समजते.

मोठे नाव म्हणजे चांगली नोकरी, हे मला पटत नाही. मोठ्या कंपनीत ठेकेदाराकडून लागलेली मुलगी आणि लहान कंपनीत रोलवर असलेली मुलगी यांत मी दुसरी होईन. पुण्या-मुंबईचेही आत्ता नको. खोलीभाडे आणि मेस देऊन हातात काही उरायचे नाही, आणि तुमच्या दोघांपासून एका रात्रीच्या अंतरावर राहायची माझी तयारी नाही. सरकारी भरतीचे फॉर्म निघतील तसे भरते आहे, त्याची काळजी करू नका.

यादी आता लहान झाली आहे. त्यातल्या प्रत्येक लॅबप्रमुखाला मी वेगळे पत्र लिहिते, तुमच्याकडे हे बनते, त्याची ही तपासणी मला येते, असे. दोन ठिकाणांहून उत्तर आले आहे, एकाने पुढच्या आठवड्यात बोलावले आहे. नक्की होईपर्यंत गावात सांगू नका.

तुम्ही दोघांनी माझे एवढे काम करा. बाबा, कोठ्यातल्या बाटल्यांना हात न लावता लेबलचे फोटो पाठवा, पत्ता नीट दिसेल असे. आपल्या गावातला तो मुलगा बुटीबोरीला जातो, त्याच्या आईला विचारून त्याचा नंबर घ्या. मला त्याच्याशी पगारापेक्षा तिथल्या ठेकेदाराबद्दल बोलायचे आहे. आई, गोळ्या संपल्या की सांग, इथून पाठवते. आणि तो यवतमाळचा माणूस पुन्हा आला तर पैशाचे लेखी पत्र आणि कंपनीच्या साहेबाचा नंबर मागा. तो देणार नाही, पण मागा.

तुमची लेक