बालकलाकाराचे वीस टक्के

महोदय,

परवा टीव्हीवर 'कट्यार काळजात घुसली' पुन्हा पाहिला. त्यातले खाँसाहेब, सचिन पिळगांवकर, राजा परांजपे यांच्या 'हा माझा मार्ग एकला'मध्ये एवढेसे पोर होते, हे माझ्या नातीला काही केल्या पटेना. मग १९७५ साली 'गीत गाता चल'चे नायक, त्याच वर्षी 'शोले'तला अहमद आणि १९८८ साली 'अशी ही बनवाबनवी'चे दिग्दर्शक. (साडीतली सुधाही तेच, हे ऐकून ती फक्त हसत सुटली.)

पण असा एखादाच. आमच्या कोथरूडच्या सोसायटीतला एक मुलगा मालिकेत गाजला, वर्षभर शाळा बुडवली. आवाज फुटला आणि फोन यायचे थांबले. पैशांचे काय झाले म्हणाल, तर नवी गाडी आली.

२०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीविना सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. सलग २७ दिवसांपुढे चित्रीकरण नाही. कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावे लागतात. चित्रीकरणाआधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगीही हवी. त्या मुलाच्या आईला मी हे सांगितले, तर 'असं काही असतं होय?' असे तिनेच मला विचारले.

पुण्यात सुट्टी लागली की बालकलाकारांच्या ऑडिशनच्या जाहिराती येतात. त्यांत फी ठळक अक्षरांत असते. हे नियम छापलेले मी तरी पाहिले नाहीत.

– एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड, पुणे