घरच्या राउटरच्या नियमांविषयी आई-बाबांना पत्र

हैदराबाद

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांनी फोनवर सांगितलेल्या दोन्ही तक्रारी मी उतरवून घेतल्या होत्या. त्यांवर शांतपणे विचार केल्यावर माझी खात्री झाली आहे की आपल्या इंटरनेटच्या जोडणीत काहीही बिघाड नाही. तसा बिघाड असता तर भिंतीवरच्या पेटीवरील ‘एलओएस’ (सिग्नल तुटल्याचा) हा दिवा तांबडा पेटला असता. बाबा म्हणतात की तो विझलेला असतो आणि ‘पॉन’चा (फायबरच्या जोडणीचा) दिवा स्थिर हिरवा असतो, म्हणजे कंपनीकडून येणारी फायबरची तार सुस्थितीत आहे. तेव्हा पुन्हा माणूस बोलावण्याची गरज नाही. जे अडते आहे ते अकरावीतल्या ओमसाठी आपणच राउटरमध्ये भरून घेतलेल्या नियमांमुळे अडते आहे.

पहिली तक्रार अशी की सकाळी साडेअकरापर्यंत टीव्हीवर आणि आईच्या मोबाइलवर काहीच लागत नाही, आणि ओमचा फोन मात्र मध्यरात्र उलटून गेली तरी चालू असतो. यातली साडेअकराची वेळ मला फार महत्त्वाची वाटली. नेट बंद ठेवण्याचा आपला नियम रात्री १० ते सकाळी ६ असा आहे. नवा राउटर बसवताना त्याचे घड्याळ भारतीय वेळेवर लावायचे राहून गेले आणि ते ग्रीनिचच्या वेळेवर चालते आहे, असे धरले तर सारा हिशेब जुळतो. बाबा, साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्त आणि साडेपाच तासांचा फरक तुम्ही कितीतरी वर्गांना शिकवलात. ग्रीनिचला रात्रीचे १० वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन झालेले असतात आणि तिथे सकाळचे ६ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेअकरा. राउटर नियम अगदी काटेकोरपणे पाळतो आहे, पण साडेपाच तास उशिरा पाळतो आहे.

याच्यासाठी बाबांनी आपल्या मोबाइलचे वाय-फाय चालू ठेवून, सिमकार्डाचा डेटा बंद करून, ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी १९२.१६८.१.१ हे आकडे इंग्रजी अंकांत भरावेत. पान उघडले नाही तर राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर खरा पत्ता छापलेला असतो, आणि आत जाण्याचा पासवर्डही बहुधा तिथेच असतो. आत गेल्यावर वेळेचे किंवा ‘टाइम झोन’चे पान शोधून तिथे ‘जीएमटी +५:३०’ निवडावे आणि ‘सेव्ह’ दाबावे. त्याच पानावर राउटरची चालू वेळ दिसते, ती हातातल्या घड्याळाशी ताडून पाहावी. वीज जाऊन आल्यावर काही क्षण ती चुकीची दिसली तरी घाबरू नये, कारण अशा राउटरना घड्याळासाठी वेगळी बॅटरी नसते आणि जोडणी सुरू झाल्यावर ते इंटरनेटवरून वेळ विचारून घेतात.

घड्याळ सुधारले तरी एक गोष्ट उरतेच. जुन्या राउटरवर हा नियम फक्त ओमच्या फोनला होता, नव्यावर तो सरसकट सगळ्या घराला लागला आहे. राउटर प्रत्येक उपकरण त्याच्या ‘मॅक’ पत्त्यावरून ओळखतो, आणि अँड्रॉइड १० पासूनचे फोन प्रत्येक वाय-फायला आपला खरा पत्ता न सांगता एक वेगळा, यादृच्छिक पत्ता सांगतात. वाय-फायचे नाव बदलले की तो पत्ताही बदलतो, त्यामुळे जुन्या नियमातला ओमचा पत्ता नव्या राउटरवर निरुपयोगी ठरला. ओमच्या फोनमध्ये आपल्या वाय-फायच्या तपशिलात जाऊन ‘डिव्हाइस मॅक’ हा पर्याय निवडावा, मग राउटरच्या यादीत दिसणारा तोच पत्ता नियमाला जोडावा आणि बाकी सर्वांना नियमातून काढून टाकावे. रात्रीच्या वेळी आईला बरे वाटत नसेल आणि तुम्हाला व्हॉट्सॲपवरून मला बोलवायचे असेल, तेव्हा घरातले नेट बंद असणे मला मुळीच मान्य नाही.

दुसरी तक्रार आईची. मावशीच्या नातीच्या विद्यापीठाचे, म्हणजे इंग्लंडमधल्या एसेक्सचे, संकेतस्थळ घरी कोणत्याही वेळी उघडत नाही, पण सिमकार्डाच्या डेटावर लगेच उघडते. संकेतस्थळ बंद असते तर ते दोन्हीकडे अडले असते, म्हणजे अडथळा घरातलाच आहे. आई, त्याचे कारण असे आहे की ओमला वाईट साइट दिसू नयेत म्हणून राउटरमध्ये वर्ज्य शब्दांची यादी भरलेली आहे, आणि एसेक्स या नावाची इंग्रजी स्पेलिंगमधली शेवटची तीन अक्षरे त्या यादीत आहेत. राउटरला अर्थ कळत नाही, तो केवळ अक्षरे जुळवतो. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्याच स्कन्थॉर्प गावच्या लोकांना अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट कंपनीकडे खाते उघडता येईना, कारण त्यांच्या गावाच्या नावात अशीच अक्षरे दडलेली होती. शब्दांची यादी हा उपाय तेव्हाही कच्चा होता आणि आज तर आणखी कच्चा आहे, कारण बहुतेक संकेतस्थळांवरचा मजकूर कूटबद्ध होऊन येतो आणि राउटरला पानाच्या आत काय आहे ते दिसतच नाही, दिसते ते फार तर संकेतस्थळाचे नाव.

म्हणून ती यादी पूर्ण पुसून टाकावी आणि ‘डीएनएस’च्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या सेवेच्या, दोन रकान्यांत १.१.१.३ आणि १.०.०.३ हे पत्ते भरावेत. ही क्लाउडफ्लेअरची विनामूल्य सेवा आहे. ती प्रौढांसाठीच्या आणि धोकादायक म्हणून वर्गीकृत केलेल्या संकेतस्थळांचा पत्ताच सांगत नाही आणि बाकी सर्वांचा सांगते. बदल केल्यावर राउटर आणि फोन एकदा बंद करून चालू करावेत, नाहीतर फोन काही काळ जुनीच उत्तरे धरून बसतो. पुढे कधी बँकेचे पान उघडताना ‘जोडणी खासगी नाही’ असा इशारा आला, तर तो डावलून पुढे जाऊ नये, तिथेच थांबून मला फोन करावा.

हे सगळे मी इथून करू शकले असते, पण त्यासाठी राउटरचे दार बाहेरून उघडे ठेवावे लागते आणि ते मला नको आहे. त्याच कारणाने, ‘कस्टमर केअर’मधून बोलतो आहे असे सांगून कोणी फोनवर ॲप घालायला सांगितले तर ते घालू नये. बाबांनी आत गेल्यावर राउटरचा मूळ पासवर्डही बदलावा आणि नवा पासवर्ड आपल्या डायरीत लिहून ठेवावा.

ओमशी मी बोलले आहे. त्याच्या सिमकार्डाच्या डेटावर आपल्या राउटरचा काही अंमल चालत नाही, आणि फोनमधले ‘प्रायव्हेट डीएनएस’ बदलून ही गाळणीही टाळता येते. हे त्याला माहीत आहे, म्हणून त्याच्यापासून काही लपवण्यात अर्थ नव्हता. अकरावीच्या मुलाला १० ही वेळ लवकर होते, असे त्याचे म्हणणे मला पटले आहे. तुमची हरकत नसेल तर नियम रात्री ११ ते सकाळी ५ असा करावा. पहाटे उठून अभ्यासाचे व्हिडिओ पाहण्याचे त्याने कबूल केले आहे, आणि नियम भरताना तो बाबांच्या शेजारी बसणार आहे.

रविवारी दुपारी मी घरीच आहे. पानावरची नावे वेगळी दिसली तर फोटो काढून पाठवावा, मी तेव्हाच उत्तर देईन.

तुमची,
सुनीता