माईचं डोकं

प्रिय बाळ्या,

पत्राला उशीर झाला म्हणून चिडला असशील. माझं बरं आहे, पावसात गुडघे दुखतात तेवढंच. लिहितोय ते माईसाठी. हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

छातीत दुखायचं म्हणून नायट्रेटची गोळी सुरू झाली, तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, रक्तवाहिन्या सैल होतात, सुरुवातीला डोकं दुखेल. पण मनानं गोळी बंद करू नका. तसंच झालं. गोळी घेतली की कपाळभर ठणका, मग पॅरासिटामॉल. थोड्या दिवसांत शांत. मिरगाच्या सुमारास पुन्हा सुरू झालं, तर घरात सगळ्यांनी गोळीवरच ढकललं. दादा ती बंदच करायला निघाला. कडाक्याचं भांडण झालं, आपण अप्पांच्या वेळी म्हापशाच्या स्टँडवर भांडलो होतो तसंच. फक्त इथे तमाशा बघायला कदंब बसचे कंडक्टर नव्हते!

अरे, हे दुखणं गोळीच्या वेळेला येतच नव्हतं. फक्त डाव्या कानशिलात. जायांची माळ माळताना पिन लागली तरी कळवळायची. पावाचा उंडो चार घास चावला की जबडा भरून यायचा, थांबली की बरं. शेवटी ती पेजेवर आली, आणि सगळे म्हणत, वयानं भूक मेली. मग एका सकाळी डाव्या डोळ्यापुढे क्षणभर अंधार आला. मला अप्पाच आठवले. तशीच बांबोळीच्या इस्पितळात नेली.

अंगातली सूज दाखवणारी रक्ताची ईएसआर तपासणी 96, म्हणजे खूपच वाढलेली. डॉक्टरांनी कानशिलावरून बोट फिरवलं, शीर सुतळीसारखी टणक लागत होती. टेम्पोरल आर्टेरायटिस, म्हणजे कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज, अप्पांचंच दुखणं. पन्नाशीनंतरचा आजार, आणि एकदा गेलेली नजर सहसा परत येत नाही, हे तुला मी काय सांगू! बायोप्सीची वाट न बघता त्याच दिवशी स्टिरॉइड दिलं. दोन दिवसांत डोकं उतरलं, माई उंडो मागायला लागली.

पण आज परत कपाळ धरून बसली आहे. स्टिरॉइडचा डोस नुकताच कमी केलाय. आजार उलटला, स्टिरॉइडनं बीपी चढलं, की नायट्रेटचाच त्रास? साखरही वाढलीय. उद्या सकाळीच दाखवायला नेतोय.

वहिनींची बदली झाली का? लेकीला बारावीत चांगले मार्क पडले म्हणे, शाब्बास सांग. चतुर्थीला या.

अप्पांचा डोस उतरवताना दुखणं परतलं होतं का, ते आठवून कळव. त्यांची फाइल असेल तर तिचे फोटो आज रात्रीच पाठव.

तुझाच,
नाना