शून्य लिहायला शिकवलंत म्हणून

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "आज सूर्य बघितलास का?" असं विचारून विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितो आहे. इथे तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही.

२०१९ च्या सुरुवातीला मी दुर्बीण घेतली ती शनीची कडी बघायला. रात्री जागरण झेपेना म्हणून सूर्याकडे वळलो, आणि वळलो तेही नेमका सूर्य झोपलेला असताना. चोविसावं सौरचक्र, म्हणजे सूर्यावरचे डाग वाढण्याघटण्याचं आवर्तन, संपत आलं होतं. पुस्तकांतल्या फोटोंत डागांचे थवेच्या थवे, आणि माझ्या कागदावर नुसतं पांढरं वर्तुळ. पंधरा दिवसांत मी वही मिटली. तुम्ही विचारलंत, "वहीत काय लिहिलंस?" मी म्हटलं, "काहीच नाही. काही दिसलंच नाही." तुम्ही म्हणालात, "दिसलं नाही, की बघितलं नाही? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

तेव्हा मला तो शब्दच्छल वाटला होता.

पण त्याआधीचं सांगायला हवं, कारण त्याशिवाय हे पत्र लिहायला माझे डोळे शाबूत राहिले असते की नाही, शंकाच आहे. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा दुर्बिणीतून बघण्याऐवजी आधी तिच्या पाठीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीला टोपण लावलंत. मी ती उघडीच ठेवली होती आणि मानेला चटका बसतोय म्हणून तक्रार करत होतो. मग दुर्बिणीबरोबर आलेली, नेत्रिकेत, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, फिरवून बसवायची काळी काच तुम्ही उचललीत आणि थेट खिशात टाकलीत. भिंगाने गोळा केलेली सगळी उष्णता त्या इवल्याशा काचेवर येते, ती कधीही तडकते, आणि त्या क्षणी डोळा तिथेच असतो. प्रकाश कमी करणारी गाळणी (फिल्टर) लावायची तर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला, सूर्यप्रकाश आत शिरण्याआधी. नाहीतर सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडायची, पंधरा सेंटिमीटरच्या वर्तुळात बसवायची आणि दुर्बिणीला डोळा लावायचाच नाही. आपण दुसरा मार्ग धरला. ती काच तुम्ही अजून परत दिलेली नाही.

माझा पहिला "डाग" तुम्हाला आठवतच असेल. मी धापा टाकत फोन केला होता. तुम्ही शांतपणे म्हणालात, "दुर्बीण हलवू नकोस, सूर्याला सरकू दे." बिंब हळूहळू पुठ्ठ्याच्या कडेकडे निघालं आणि माझा डाग होता तिथेच ठाण मांडून बसला. नेत्रिकेवरचा धुळीचा कण. तुम्ही हसला नाहीत, हे मी विसरलेलो नाही. एप्रिलमध्ये सूर्याच्या विषुववृत्ताजवळ खराखुरा डाग आला, गडद गाभा, भोवती करडी किनार, आणि तो बिंबाबरोबर सरकला. तेव्हा मात्र तुम्ही हसलात.

बाकी ते वर्ष म्हणजे शून्यंच शून्यं. कंटाळून मी एकदा म्हटलं, कोऱ्या सूर्याची नोंद ठेवून कुणाचं भलं होणार? त्यावर तुम्ही मला श्वाबेची गोष्ट सांगितलीत. जर्मनीतल्या डेसाऊचा हा औषधविक्रेता, हाइनरिश श्वाबे, १८२६ पासून रोज सूर्य बघत होता तो बुधाच्याही आतला एक ग्रह शोधायला. ग्रह सापडला नाही, कारण तो नव्हताच. पण त्याच्या वहीत डागांच्या गटांशेजारी आणखी दोन रकाने होते: बिनडागाचे दिवस किती आणि मुळात बघितलं किती दिवस. १८२८ मध्ये त्याने २८२ दिवस सूर्य बघितला आणि एकही दिवस कोरा गेला नाही. १८३३ मध्ये २६७ दिवस बघितला, त्यातले १३९ कोरे. डाग साधारण दहा वर्षांनी कमीजास्त होतात हे त्याला त्या रकान्यांतून कळलं. तो तिसरा रकाना नसता तर १३९ या आकड्याला काही अर्थच उरला नसता. "तुझ्या वहीत तो रकाना कुठे आहे?" तुम्ही विचारलंत.

त्या संध्याकाळी मी वही नव्याने आखली. बघितलं आणि डाग नव्हता, तर शून्य. ढग होते, गावाला गेलो होतो, आळस केला, तर आडवी रेघ. आळसाच्या रेघा जरा जास्तच आहेत, ते तुम्हाला माहीत आहे.

शांत काळातच हिशोब नाजूक का होतो, हेही तुम्हीच उलगडून दाखवलंत. डागांचा आकडा काढायचं, स्विस खगोलशास्त्रज्ञ रुडॉल्फ वुल्फचं सूत्र असं: गटांची संख्या गुणिले दहा, अधिक एकूण डाग, आणि या सगळ्याला निरीक्षकाचा स्वतःचा गुणक, त्याची नजर आणि दुर्बीण इतरांशी जुळवून घेणारा. म्हणजे सुईच्या टोकाएवढा एकच डाग दिसला तरी आकडा अकरा. शून्यानंतर थेट अकरा, मधे काही नाही. डागांची रेलचेल असताना एखादा ठिपका निसटला तर फारसं बिघडत नाही. कोऱ्या महिन्यात तोच ठिपका सगळी सरासरी हलवतो. स्वतः वुल्फ अगदी बारीक ठिपके मोजत नसे, त्याच्यानंतर आलेला वोल्फर मोजू लागला, आणि दोघांचा मेळ घालायला ०.६ हा गुणक जो चिकटला तो २०१५ पर्यंत सुटला नाही. माणसांच्या नजरेतला फरक आकड्यांत इतकी वर्षं टिकतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं, त्याकडे येतो. २०१९ च्या नोव्हेंबरच्या मध्यापासून सूर्य सलग चाळीसेक दिवस कोरा होता. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, २४ तारखेला, दोन्ही गोलार्धांत एकेक छोटा गट उमटला. जुन्या चक्राचे उरलेसुरले डाग विषुववृत्ताजवळ दिसतात, हे त्याच्यापासून बरेच दूर होते आणि त्यांची चुंबकीय ध्रुवीयताही उलटी होती. नवीन, पंचविसाव्या चक्राचे डाग. माझ्या वहीत त्या दिवशी काय होतं? शून्य. हवा थरथरत होती, बिंबाची कड उकळत्या पाण्यासारखी दिसत होती, मी पाच मिनिटं बघून आकडा लिहून मोकळा झालो होतो. संध्याकाळी बातमी कळली आणि मी खोडरबर हातात घेऊन तुम्हाला फोन केला.

"खोडायचं नाही," तुम्ही म्हणालात. "तुझ्या दुर्बिणीला, तुझ्या डोळ्याला, त्या हवेत जे दिसलं ते शून्य. इतरांचं बघून तू आकडा बदललास, तर तुझा गुणक काढणार कशावरून? मग तुझी वही ही तुझी राहत नाही, त्यांचीच नक्कल होते." शेजारी "हवा वाईट" एवढं लिहायला मात्र परवानगी दिलीत. ते दोन्ही गट मी कधीच बघितले नाहीत. माझ्या सगळ्या नोंदींत ते चुकलेलं शून्य मला सर्वांत जवळचं आहे.

सौरज्वालांचा, म्हणजे सूर्यावरच्या अचानक स्फोटांचा, माझा हट्टही तुम्ही पुरवलात. १८५९ च्या १ सप्टेंबरला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ कॅरिंग्टनने डागांचं चित्र काढता काढता पांढऱ्या प्रकाशात ज्वाला बघितली, तेही जेमतेम पाच मिनिटं. पुठ्ठ्यावर तसं काही दिसायची वाट बघत बसलो तर जन्म जाईल, असं सांगून तुम्ही लाकडी चौकटीवर तारेचे वेढे घेऊन एक अँटेना करून दिलीत. ज्वालेचे क्ष-किरण वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर, आयनांबरावर, आदळले की दूरच्या अतिदीर्घ तरंगलांबीच्या रेडिओ केंद्राचा संकेत एकदम बदलतो, एवढंच तत्त्व. कित्येक महिने संगणकावर दिवसाची तीच सपाट रेघ येत होती. मग २९ मे २०२० ला तिच्यावर शार्कच्या पंखासारखा उंचवटा आला. एम १.१ वर्गाची, म्हणजे मध्यम ताकदीची ज्वाला, ऑक्टोबर २०१७ नंतरची त्या वर्गातली पहिलीच. आणि ती फुटली सूर्याच्या कडेपलीकडे. पुठ्ठ्यावर मी कितीही डोळे ताणले असते, तरी ज्या डागांतून ती उठली ते मला दिसले नसते.

सध्या माझ्याकडे एक शाळकरी मुलगी सूर्य बघायला येते. आता डाग भरपूर आहेत, त्यामुळे तिला शून्याची ओळख करून द्यायला काही वर्षं थांबावं लागेल. आडवी रेघ मात्र शिकवली आहे. तिच्या दुर्बिणीबरोबरही नेत्रिकेत बसणारी ती काळी काच आली होती. ती आता माझ्या खिशात आहे.

आपला,
तुमचा आळशी विद्यार्थी