गावच्या युद्धस्मारकाला वाली कोण? स्कॉटलंडच्या संस्कृतिमंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
संस्कृती खाते, स्कॉटिश सरकार, एडिंबरा यांस

स. न. वि. वि.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवली आहे. मराठी प्रत जाहीर करतो आहोत ती स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या आणि तिथे फिरायला येणाऱ्या मराठी वाचकांसाठी. गावाच्या वेशीवरचा ग्रॅनाइटचा क्रूस पाहून जे गाडी थांबवतात, त्यांनाही यातले बरेचसे उपयोगी पडेल.

मागणी आधीच सांगून टाकतो. गावोगावच्या प्रत्येक युद्धस्मारकाचा जबाबदार धनी ठरवा आणि त्याचे नाव स्मारकापाशी वाचता येईल असे लावा. बाकीचे सगळे या एका गोष्टीवर अडले आहे.

फरक कुठे पडतो ते किनयूसीच्या दफनभूमीत दिसते. हायलँडमधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, या लहानशा गावात हिंदुस्थानी लष्कराच्या नऊ सैनिकांच्या कबरी आहेत. हे ‘फोर्स के-सिक्स’चे लोक, म्हणजे खेचरांच्या तुकड्यांचे जवान. डिसेंबर 1939 मध्ये मुंबई बंदरातून निघून ते फ्रान्सला गेले, डंकर्कची माघार त्यांनी अनुभवली आणि नंतर डोंगरी युद्धाच्या सरावासाठी त्यांना स्कॉटलंडमध्ये ठेवले गेले. त्यांच्या कबरी राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाकडे आहेत. कबरीचा दगड झिजला तर आयोग तो बदलतो, आणि तक्रार कुणाकडे करायची हा प्रश्नच पडत नाही. बहुतेक पाहुण्यांचा समज असतो की गावातल्या क्रूसाची काळजीही हाच आयोग घेतो. तसे नाही. आयोगाकडे कबरी आहेत, आणि ज्यांची कबर नाही त्यांच्या नावांची स्वतःची मोठी स्मारके आहेत. गावच्या चौकातला क्रूस त्याच्या कक्षेत येत नाही.

मग तो येतो कुणाच्या कक्षेत? 1919 नंतर गावोगावी समित्या बसल्या, वर्गण्या जमल्या, पाथरवटाला काम दिले गेले, अनावरण झाले आणि समिती विसर्जित झाली. जागा कधी जमीनदाराने दिलेली, कधी चर्चची, कधी रस्त्याच्या कडेची. कागदपत्र कुणाच्या तरी कपाटात. 1923 च्या कायद्याने स्थानिक संस्थांना स्मारकांवर खर्च करण्याची मुभा दिली, कर्तव्य मात्र सोपवले नाही. शंभर वर्षे झाली तरी ‘करू शकतात’चे ‘करावे’ झालेले नाही. स्कॉटलंडच्या 32 कौन्सिलांपैकी, म्हणजे स्थानिक संस्थांपैकी, काही मनापासून पाहतात, काही फक्त गवत कापतात, आणि मालकी स्पष्ट नाही म्हणून हात झटकणाऱ्याही आहेत.

पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीनिमित्त आपल्या सरकारने 10 लाख पौंडांचा दुरुस्ती निधी दिला. त्यातून चांगली कामे झाली, हे मान्यच आहे. तो निधी संपला. आता स्मारकांच्या दुरुस्तीला अनुदान देणाऱ्या वॉर मेमोरियल्स ट्रस्टसारख्या संस्थेकडे अर्ज करायचा तर मालकाची लेखी संमती लागते, आणि जिथे मालकच सापडत नाही तिथे अर्ज पहिल्याच पानावर अडतो. पैसा कमी आहे हे खरे, पण पैसा असतानाही तो घेणारा कायदेशीर हात नसतो, हे अधिक खरे.

धनी नसला की दुसरे एक संकट येते: उत्साही स्वयंसेवक. नोव्हेंबरमधल्या स्मृतिरविवारच्या आदल्या आठवड्यात कुणीतरी प्रेशर वॉशर घेऊन येतो. दगड तासाभरात पांढराफेक होतो, सगळे खूश होतात. पण त्या दाबाने पाणी दरजांमध्ये, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत, आणि दगडाच्या छिद्रांत शिरते. डिसेंबरच्या थंडीत त्याचा बर्फ होतो, बर्फ पाण्यापेक्षा सुमारे 9 टक्के जास्त जागा मागतो, आणि वसंतात अक्षरांच्या कडा सुट्या होऊन खाली पडलेल्या सापडतात. ग्रॅनाइट हे सोसतो; वालुकाश्म नाही, आणि दक्षिण स्कॉटलंडमधली कितीतरी स्मारके वालुकाश्माची आहेत. ब्लीचने हिरवे शेवाळ जाते, पण मागे क्षार राहतात आणि तेच पुढे दगडाचा पापुद्रा उडवतात. पाणी आत शिरू नये म्हणून वरून पारदर्शक लेप देणे हा त्याहून वाईट उपाय, कारण आतला ओलावाही मग बाहेर पडत नाही.

दरजा सिमेंटने भरल्या की असेच होते. चुन्याची दरज दगडापेक्षा मऊ असते. ओलावा तिच्यातून निघून जातो आणि झिजायचे ते तीच झिजते. सिमेंट ओलावा अडवते, मग तो दगडातूनच वाट काढतो. दरज शाबूत आणि तिच्या दोन्ही बाजूंचा दगड पोखरलेला, असे दिसले की मधल्या काळात कुणीतरी ‘पक्के काम’ केले आहे असे समजावे. क्रूसाचा खांब चौथऱ्याला जोडणाऱ्या लोखंडी सळ्यांची गोष्ट वेगळी. ती मुळातच चूक होती. लोखंड गंजून फुगते आणि दगड आतून चिरतो. उभी चीर आणि तिच्यातून ओघळलेला तांबूस डाग दिसला तर तिथे ब्रश लावू नये, अभियंत्याला बोलवावे.

खरे तर लागते फार थोडे: स्वच्छ पाणी, नैसर्गिक केसांचा किंवा मऊ नायलॉनचा ब्रश, खालून वर काम करत जाणे आणि हिमाचा धोका संपल्यावरचा कोरडा दिवस. दगडफुलाला शक्यतो हात लावू नये. ते वर्षानुवर्षे वाढते, बहुतेक वेळा निरुपद्रवी असते, आणि खरवडताना त्याच्याबरोबर दगडाचा पृष्ठभागही सुटतो. ब्राँझच्या फलकाला धातूची पॉलिश लावून सोन्यासारखा चमकवू नये, कारण त्याचा गडद रंग मूर्तिकाराने मुद्दाम आणलेला असतो. सौम्य साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, वर्षातून एकदा मेणाचा पातळ हात पुरतो. डिंगवॉल स्टेशनबाहेर सीफोर्थ हायलँडर्स या स्कॉटिश रेजिमेंटचा लाकडी क्रूस आहे, फ्रान्समधल्या काँब्रेच्या रणभूमीवरून आणलेला. तिथे नियम आणखी निराळे: लाकूड कुजते ते जमिनीलगत, जिथे लाकडाचे तंतू आडवे कापलेले असतात आणि पाणी साचते. एवढी माहिती एका पानाच्या पत्रकात मावते. ते पत्रक प्रत्येक कम्युनिटी कौन्सिलकडे, म्हणजे गावपातळीवरच्या लोकसमितीकडे, ऑक्टोबरच्या आत पोहोचले तर बरेच नुकसान टळेल. शिवाय यातली पुष्कळ स्मारके सूचीबद्ध वारसा आहेत. त्यांत बदल करायला, कधी नुसत्या सफाईलाही, परवानगी लागते हे स्वयंसेवकांना कुणी सांगत नाही.

पाहणाऱ्यांच्या बाजूनेही थोडे बोलायला हवे, कारण स्मारक वाचणारेच त्याचे पहिले राखणदार असतात. अक्षरे दिसत नाहीत म्हणून लोक खडू घासतात, पीठ चोळतात, दाढीचा फेसही लावतात. हे सगळे टाळावे. उजेड तिरपा पडला की कोरीव अक्षर आपोआप उठून दिसते. सकाळ किंवा संध्याकाळ गाठावी, नाहीतर टॉर्च दगडाला जवळजवळ समांतर धरावा. शिशाची अक्षरे गळून पडली असतील तर मागची छोटी गोल छिद्रे पाहावीत, त्यांच्या मांडणीवरून अक्षर ओळखता येते. चारही बाजूंनी फिरावे, कारण दुसऱ्या महायुद्धातली नावे बहुधा मागच्या बाजूला किंवा खालच्या चौथऱ्यावर वाढवलेली असतात. ‘1914–1919’ असे लिहिलेले दिसले तर ती चूक समजू नये. युद्ध संपवणारा व्हर्सायचा तह 28 जून 1919 ला झाला, आणि लुइस बेटावर तर 1919 चा पहिला दिवसच काळा ठरला. युद्धावरून घरी परतणाऱ्या खलाशांचे ‘आयोलेअर’ जहाज 1 जानेवारीच्या पहाटे स्टॉर्नोवेच्या बंदराच्या तोंडाशी खडकांवर फुटले आणि 201 जण बुडाले.

एकच नाव दोन-तीन ठिकाणी सापडते: जन्मगावी, नोकरीच्या गावी, शाळेत, चर्चमध्ये. म्हणून गावोगावच्या आकड्यांची बेरीज करून मृतांची संख्या काढू नये. नावापुढे कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाची पलटण दिसली तर तो माणूस आधीच देशांतर केलेला होता.

आणि ‘मेसोपोटेमिया (आजचा इराक) 1916’ असे दिसले, तर मराठी वाचकाने जरा थांबावे. कुत-अल-अमारात जनरल टाउनशेंडच्या हाताखाली अडकलेली सहावी (पुणे) डिव्हिजन सोडवण्यासाठी जे सैन्य गेले, त्यात सीफोर्थ हायलँडर्सची पहिली आणि ब्लॅक वॉच या दुसऱ्या स्कॉटिश रेजिमेंटची दुसरी पलटण होती. त्यांची इतकी हानी झाली की उरलेल्यांची मिळून एकच ‘हायलँड बटालियन’ करावी लागली. आत वेढ्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. 29 एप्रिल 1916 ला कुत पडले. म्हणजे हायलँडमधल्या एखाद्या दगडावरचा तो पोरगा सातारा-रत्नागिरीच्या शिपायांना सोडवायला निघालेल्या फौजेतला असू शकतो. नावापुढे ‘इंडिया’ असेल तर शोधाची एक वाट पुण्याजवळच्या खडकीच्या युद्धस्मशानात जाते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात मरण पावलेल्या आणि ज्यांच्या मूळ कबरी राखणे शक्य झाले नाही अशा 1,800 हून अधिक जणांची नोंद तिथल्या स्मारकावर आहे. आपल्याकडच्या गावांतही त्या काळच्या संगमरवरी पाट्या आहेत: या गावातून इतके गेले, पैकी इतके कामी आले. त्यांवर फक्त आकडा असतो. स्कॉटलंडच्या गावाने नावे कोरली, म्हणून ती पुसली जाणे आम्हाला जास्त खुपते.

आता रस्ता. ग्रामीण भागातली पुष्कळ स्मारके संपूर्ण पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या सगळ्या वस्त्यांची, आहेत, एका वस्तीची नाहीत. म्हणून ती दोन वस्त्यांच्या मधोमध, वळणावर, सर्वांना दिसेल अशा जागी उभारली गेली. तेव्हा तिथून घोडागाड्या जात. आज तिथून लाकडाचे ट्रक जातात आणि गाडी लावायला जागा नाही. एकेरी रस्त्यावर पाहुणे ‘पासिंग प्लेस’मध्ये, म्हणजे समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी ठेवलेल्या रुंद जागेत, गाडी लावतात. हे नियमाविरुद्ध आहे आणि डॉक्टरची किंवा शेतकऱ्याची वाट अडते. मराठी पर्यटकांनो, तिथे लावू नका. गावातल्या सभागृहापाशी गाडी ठेवून चालत जा. मंत्रिमहोदय, आपल्यासाठी मुद्दा असा की दोन गाड्यांची जागा आणि आधी शंभर मीटरवर एक पाटी एवढ्यावर हा प्रश्न सुटतो. ग्लेनेल्गचे उदाहरण घ्या. रॉबर्ट लोरिमर यांची रचना, लुई ड्यूकार्स यांची ब्राँझशिल्पे, आणि तिथे रस्त्याने पोहोचायला सुमारे 340 मीटर उंचीची माम रॅटॅगन खिंड ओलांडावी लागते. ज्यांनी एडिंबरा किल्ल्यातले राष्ट्रीय स्मारक घडवले त्याच लोरिमरचे हे काम आहे, हे खिंड चढणाऱ्याला रस्त्यावर कुठेतरी कळायला हवे. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ चाकांबरोबर उडून चौथऱ्यावर बसते. रस्तेविभागाने त्या पंचवीस-तीस मीटरांत नुसती खडी टाकली तरी चालेल.

सर्वांत तातडीची बाब मात्र उघड्यावरच्या क्रूसांची नाही. चर्च ऑफ स्कॉटलंड आपल्या इमारती मोठ्या संख्येने विकायला काढत आहे. त्यांच्या आत पितळी फलक आहेत, रंगीत काचांच्या स्मृतिखिडक्या आहेत आणि हाताने लिहिलेल्या, चौकटीत बसवलेल्या नावांच्या याद्या आहेत. यादी कागदाची असते, म्हणून उजेड आणि ओल तिला सर्वांत आधी खाते. इमारत घर किंवा हॉटेल झाली की फलक खासगी भिंतीवर जातो आणि पाहुण्याला बंद दार दिसते. घाईत उपटलेल्या फलकाचे स्क्रू तुटतात, कोपरे वाकतात, आणि कुठल्या चर्चमधला हे न लिहिताच तो गोदामात पडतो. विक्रीच्या कागदांवर सही होण्याआधी प्रत्येक फलकाचे छायाचित्र, मोजमाप आणि पुढची जागा लिहिलेली असावी, अशी अट आपले खाते चर्चशी बोलून घालू शकते. याला निधी फारसा लागत नाही. लागतो तो एक फॉर्म आणि तो भरून घेणारा माणूस.

स्थानिक संस्था हा विषय हॉलिरूडच्या, म्हणजे एडिंबरातल्या स्कॉटिश संसदेच्या, अखत्यारीत आहे. म्हणून आपण पहिले पाऊल असे उचलावे: प्रत्येक कौन्सिलने बारा महिन्यांत आपल्या हद्दीतल्या स्मारकांची यादी करावी, मालक सापडला तर त्याचे नाव आणि न सापडल्यास ‘तोवर जबाबदार: कौन्सिल’ असे लिहावे, आणि तळहाताएवढ्या फलकावर तेच चौथऱ्याशेजारी लावावे. चौथऱ्यावर नको, शेजारी. ग्रॅनाइटमध्ये नवे भोक पाडायचे कारण नाही. यादी सुरू करायला विकायला निघालेली चर्चेस आधी घ्यावीत, मग वालुकाश्माची स्मारके, आणि ग्रॅनाइटची शेवटी. ती थांबू शकतात.

इंग्रजी प्रतीसोबत पत्रकाचा मसुदा आणि फलकाचे मोजमाप जोडले आहे. उत्तराची वाट पाहतो.

आपले,
स्कॉटलंडमधील युद्धस्मारके पाहणारे आणि दाखवणारे काही मराठी भाषक