मैदानाविना क्लब

मा. संपादक,
रविवारच्या पुरवणीतील फुटबॉल जर्सींवरचा लेख आवडला. पण सगळा भर युरोपवर, जपानचा साधा उल्लेखही नाही, हे खटकले. रेआल माद्रिदची २०१४-१५ ची काळी जर्सी आठवते? अंगभर ड्रॅगन असलेली ती जर्सी जपानी फॅशन डिझायनर योजी यामामोतो यांची!

त्याहून गमतीचा मामला एफ. सी. रिअल ब्रिस्टलचा. नाव इंग्लंडमधल्या शहराचे, जन्म टोकियोत. कपड्यांचे डिझायनर हिरोफुमी कियोनागा यांनी १९९९ मध्ये काढलेला हा क्लब निव्वळ काल्पनिक! पण बिल्ला, जर्सी, ट्रॅकसूट असा सगळा थाट खऱ्या क्लबाचा. नायकेही त्यात सामील झाली.

आम्हा कोल्हापूरकरांना हे पचायला जड. आमच्याकडे फुटबॉलचे संघ तालमींचे; आधी पेठ, मग तालीम, जर्सी त्यानंतर. शाहू स्टेडियमवर घसा बसेपर्यंत ओरडायचे ते तालमीच्या नावाने. कापडाचा पोत कोण बघतो? तरी भाच्याने मागवलेले रिअल ब्रिस्टलचे जाकीट हातात घेतले, आतली शिवण पाहिली आणि गप्प झालो. किंमत ऐकल्यावर मात्र पुन्हा तोंड उघडले.

– एक फुटबॉलवेडा, शिवाजी पेठ, कोल्हापूर